सरक, मी बसतो

मंगळवार, १ एप्रिल

ही वही खरं तर ह्यांची. समुपदेशक बाईंनी ह्यांना दिली होती, रोज मनात येईल ते लिहा म्हणून. महिनाभर ती फ्रिजवर कोरीच पडून होती. परवा ह्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला, तेव्हा मी म्हटलं, कागद फुकट जायला नको, मीच लिहिते. तसंही ह्यांच्या मनात काय चाललंय ते ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त कळतं.

तर आज ह्यांच्या बसच्या अपघाताच्या चौकशीचा निकाल आला. ह्यांची काही चूक नाही. तो सायकलवाला स्वतः काठी टेकत डेपोत येऊन सांगून गेला होता म्हणे, "गल्लीतून मीच उलट्या बाजूनं घुसलो. ड्रायव्हरनं ब्रेक मारला नसता तर सांगायला मी उरलो नसतो." माझा जीव भांड्यात पडला. तीन महिने या घरात आम्ही कुजबुजत बोलत होतो. आज सासूबाईंनी पहिल्यांदा रेडिओ मोठ्यानं लावला.

हे मात्र "बरं झालं" एवढंच म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. वीसएक वर्षं या माणसानं बस चालवली. त्या सकाळपासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही. मी कामाला आहे त्या पडद्यांच्या दुकानाची गाडी मी घरी आणते, तिच्यातसुद्धा पुढे बसत नाहीत. मागे बसतात, डोळे मिटून.

आता डेपोतून बोलावणं येणार, म्हणून मी एक काम उरकलं. ह्यांना न सांगता दुपारी मॅनेजरसाहेबांना भेटून आले. म्हटलं, ह्यांना आता बसवर पाठवू नका, आत टेबलाचं काम द्या. वेळापत्रकाचं, हजेरीचं, काहीही. साहेब म्हणाले, "वहिनी, अर्ज त्यांनी करायला हवा."

"ते करतील. मी सांगेन तसं करतील."

साहेबांनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघितलं आणि चहा मागवला. काम झालं बहुतेक.

शनिवार, ५ एप्रिल

आज जेवताना ठकीनं बॉम्ब टाकला. ठकी म्हणजे आमची लेक. चौदा वर्षांची घोडी झाली, तिला हे नाव आता आवडत नाही, पण पाळण्यातलं नाव घरात कुणाला आठवतंय?

"बाबा, समुद्रावर तंबू ठोकून राहायचं ठरलं होतं. माझी परीक्षा संपली. कधी जायचं?"

तंबू ह्यांनी अपघाताच्या आधी हौसेनं आणला होता. तेव्हापासून तो पिशवीसकट पलंगाखाली पडलाय. मी टेबलाखालून ठकीला पाय मारला. तो लागला सासूबाईंना.

"मला कशाला लाथा घालतेस? मी काही बोलले का?"

मी विषय बदलणार, तेवढ्यात हे म्हणाले, "जाऊ या."

तीन महिन्यांत ह्यांनी स्वतःहून ठरवलेली ही पहिली गोष्ट. मी लगेच म्हटलं, गाडी मी चालवीन, सामान मी भरीन, तुम्ही फक्त बसा. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग मीही येणार. बसायचंच आहे तर मलाही येतं." त्यांच्या गुडघ्यांची आठवण करून दिली तर म्हणतात, "समुद्र काय माझे गुडघे बघणार आहे?"

नंतर भांडी घासताना माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, "सूनबाई, माझ्या पोराला तू काचेच्या कपाटात ठेवलंयस. धूळ बसत नाही, पण कुणाचा हातही लागत नाही."

आईच ती. सून एवढं करते हे बघवत नसेल, दुसरं काय.

बुधवार, ९ एप्रिल

बांधाबांध. ह्यांनी स्टोव्ह पुसायला घेतला होता, मी काढून घेतला. रॉकेलच्या वासानं डोकं दुखतं त्यांचं. मग गादीच्या घड्या घालायला गेले, तिथूनही उठवलं. शेवटी खिडकीत जाऊन बसले. निवांत दिसत होते.

दुकानाच्या मालकीणबाईंनी गाडी दिली, पण एक शेपूट लावून. मागच्या बाजूला डॉक्टरीणबाईंच्या दिवाणखान्याचे मखमली पडदे आहेत, गर्द लाल, अस्तर लावलेले. दोन आठवडे मान मोडून मीच शिवलेत. सोमवारी परतताना त्यांच्याकडे ते टांगून यायचे. "वाळू लागू देऊ नकोस हं," बाईंनी दोनदा बजावलं.

गुरुवार, १० एप्रिल

पोचलो एकदाचे! सगळा रस्ता मी चालवला. मागून येणाऱ्या प्रत्येकानं हॉर्न वाजवून मला आशीर्वाद दिले. ठकी पुढे माझ्याशेजारी, हे आणि सासूबाई मागे. घाटात मी गिअर बदलला की मागून ह्यांचा पाय जमिनीवर दाबल्याचा आवाज यायचा. बिचारे. इतकं घाबरायचं म्हणजे काय. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, "अहो, घाबरू नका, मी आहे."

एकदा त्यांनी तोंड उघडलं. "तिसरा टाक. इंजिन रडतंय."

मी म्हटलं, "तुम्ही डोळे मिटून पडा बघू."

जागा छान आहे. सुरूच्या झाडांखाली तंबूंसाठी सपाट जमीन, एक नळ, एक मोरी, आणि पुढे लांबच लांब ओली वाळू. राखणदार म्हातारा आहे, दात कमी आणि बोलणं त्याहून कमी. त्यानं फक्त एवढंच सांगितलं की, या आठवड्यात उधाण आहे, सामान वरच्या बाजूला ठेवा.

तंबू ठोकताना ह्यांनी हातोडी घेतली. हात थरथरत होते. अंगठ्यावर बसली असती म्हणजे? मी काढून घेतली. ठकी ओरडली, "आई, बाबा करत होते ना!" मी सगळ्या खुंट्या सरळ उभ्या ठोकल्या आणि संध्याकाळच्या वाऱ्यानं त्यातल्या निम्म्या उपटल्या. तंबू बसक्या म्हशीसारखा दिसतोय. सासूबाई आत आडव्या होऊन म्हणाल्या, "घर बांधलंय का कफन?" असं बोलतात.

गाडीची चावी दोरीत ओवून गळ्यात घातलीय. समोर दिसली की ह्यांना उगाच आठवण यायची.

शुक्रवार, ११ एप्रिल

सकाळी उठून बघते तर सगळ्या खुंट्या तिरक्या ठोकलेल्या आणि घट्ट. तंबू ताठ उभा. राखणदाराचे आभार मानायला गेले तर म्हणाला, "मी नाही केलं." किती साधा माणूस! श्रेयसुद्धा घेत नाही.

मग ब्रेड आणायला म्हणून गाडीत बसले तर पाय क्लचपर्यंत पोचेनात. ड्रायव्हरची सीट कुणीतरी पार मागे सरकवली होती. गाडीचं मागचं दार नीट लागत नाही, तिथून घुसायचं आणि चाळे करायचे. ठकीला चांगलं झापलं. एरवी एकाला दोन उत्तरं देणारी कार्टी आज गप्प राहिली. बापाकडे बघितलं आणि मान खाली घातली. चला, चूक कळली म्हणायची.

अंडी खाताना ह्यांनी विचारलं, "चावी कुठे असते गं तुझी?"

"माझ्याकडे आहे. तुम्ही कशाला काळजी करता?"

"हं. ते दिसतंय," म्हणाले.

दिवस मात्र सोन्यासारखा गेला. हे आणि ठकी पाण्यात डुंबले, ह्यांच्या पाठीला ऊन लागून ती लाल झाली. दुपारी एकच गोष्ट बिघडली. ठकीनं तंबूसमोरच वाळू भिजवून बस बनवली. खणून सीटा केल्या, मागे सासूबाईंची घडीची खुर्ची ठेवली. हे पुढे बसले आणि हातात प्लास्टिकची ताटली धरली, स्टिअरिंगसारखी. सासूबाई विचारतात, "ही बस कुठे जाणार हो ड्रायव्हरसाहेब?" हे तोंड उघडणार, एवढ्यात मी धावत पोचले.

"ठकी, हा काय थट्टेचा विषय आहे? अक्कल आहे का तुला?"

हे उठले, वाळू झटकली, ताटली माझ्या हातात दिली. "घे. धुवायची असेल ना."

त्यांना किती वाईट वाटलं असेल! मी वेळेवर पोचले म्हणून बरं.

रविवार, १३ एप्रिल, सकाळ

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आजही पेन नीट धरवत नाहीये, पण लिहिते, कारण हे तंबूत घोरतायत. तीन महिन्यांत मी हा आवाज ऐकला नव्हता. पूर्वी या घोरण्यावरून मी भांडायचे. आता ऐकत बसलेय.

झालं असं. काल सकाळी सासूबाई म्हणाल्या, दोन दिवस समुद्र लांबूनच बघतेय, पाय भिजवायचेत. वाळूतून त्यांना चालवेना. किनाऱ्याच्या टोकाला काळे खडक आहेत, तिथं सावलीही असते आणि पाण्याची डबकीही. मध्ये एक ओढा समुद्राला मिळतो. लोक ओल्या, कडक वाळूवरून गाड्या घेऊन तिकडे जात होते. राखणदाराला विचारलं. तो म्हणाला, "जा. पण जेवणाच्या आधी परत या. ओढ्याला भरती चढली की पलीकडचा माणूस पलीकडेच."

निघताना हे म्हणाले, "टायरमधली हवा जरा कमी करून घेऊ का? वाळू आहे."

मी म्हटलं, "असू द्या हो. तुम्ही नका त्रास करून घेऊ."

ओढ्याला जेमतेम घोटाभर पाणी होतं. सुर्रकन पलीकडे गेलो. खडकांपाशी काय मजा आली! सासूबाई डबक्यात पाय सोडून खुर्चीत बसल्या. एका खेकड्यानं त्यांच्या अंगठ्याची चौकशी केली तेव्हा अशा किंचाळल्या की ठकी हसून हसून आडवी. हेही हसले. अगदी मोठ्यानं. मी नुसती बघत राहिले. बाकीच्या गाड्या एकेक करून परत गेल्या. हे उठून ओढ्याकडे बघून आले आणि म्हणाले, "निघू या. पाणी वळलंय."

मी म्हटलं, "पाच मिनिटं." त्यांचं हसू मोडायचं नव्हतं मला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले. मी पुन्हा तेच. पाच मिनिटांची किती मिनिटं झाली देव जाणे.

निघालो तेव्हा कडक वाळू पाण्याखाली गेली होती. मी वरच्या, कोरड्या वाळूतून गाडी घातली. ओढा पन्नास पावलांवर दिसत असताना मागची चाकं खचली. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी गुरगुरली, वाळूचा फवारा उडाला आणि आम्ही आणखी खाली गेलो.

मागून ह्यांचा आवाज आला, "थांब. पाय काढ."

मी पुन्हा दाबला. रबर जळाल्याचा वास आला.

"अगं, पाय काढ. खड्डा करतेयस तू."

एका बाजूला खडकाचा उभा कडा, तिथं चढायला वाट नाही. दुसऱ्या बाजूला लाटा, दर लाट आधीच्या लाटेपेक्षा पुढे. समोर ओढा, आता गुडघाभर तरी असेल आणि ओढ असलेला. ठकी आणि मी कशाबशा पार झालो असतो. पण सासूबाई त्या ओढीत उभ्यासुद्धा राहिल्या नसत्या. मी तोंडानं "काही नाही, काही नाही, मी आहे" असं म्हणत होते आणि पाय आपोआप दाबत होते.

हे उतरले. मागच्या चाकाशी वाकून बघितलं. मग माझ्या खिडकीशी आले, दार उघडलं.

"सरक."

"अहो, तुम्हाला त्रास होईल. तुम्ही बसा, मी करते काहीतरी."

"सरक, मी बसतो."

मी हललेच नाही. खरंच सांगते, इतकी भीती वाटत होती तरी मला पाण्यापेक्षा जास्त भीती होती ती ही, की ह्यांचे हात स्टिअरिंगवर गोठले तर? त्या सकाळसारखे पांढरेफटक पडले तर? आणि ठकीनं ते बघितलं तर?

मागून सासूबाई म्हणाल्या, अगदी शांतपणे, "सूनबाई, मी पाय भिजवायला आले होते, बुडवायला नाही. सरक."

मी सरकले.

पण हे लगेच बसले नाहीत. "केसातली पिन दे." दिली. चारही टायरांपाशी वाकून पिनेनं वॉल्व्ह दाबून हवा सोडली, टायर मऊ होईपर्यंत. घाई केली नाही. एक लाट येऊन पायांवरून गेली तरी मान वर केली नाही. मग ठकीला म्हणाले, "मागे पडलेला तवा आण," आणि बापलेकीनं चाकांपुढची वाळू उपसली, एकानं तव्यानं, एकीनं हातांनी. मग विचारलं, "चाकाखाली घालायला काय आहे? चटया?"

चटया तंबूत होत्या. गाडीत अंथरण्यासारखे फक्त पडदे होते.

"ते नकोत," मी म्हटलं. हो, तेव्हासुद्धा हेच म्हटलं. "डॉक्टरीणबाईंचे आहेत. मखमल आहे."

"पडदे परत शिवता येतात," म्हणाले आणि गठ्ठा ओढून काढला. दोन आठवड्यांची माझी शिलाई दोन चाकांखाली अंथरली. वर नीट दुमडून, चाकाच्या आत दाबूनसुद्धा घेतली. पडदे लावायला माणूस असावा तर असा.

"चावी."

ती माझ्या गळ्यात होती. इतका वेळ गाडीत लावलेली, बंद करताना मी सवयीनं पुन्हा गळ्यात घातली होती. दोरी केसात अडकली, निघेना. ह्यांनी ओल्या हातांनी हळूच सोडवली.

मग बसले. सीट मागे सरकवली. खालचा खटका न बघता सापडला त्यांना. आरशाला हात लावून तो आपल्याकडे वळवला. माझं लक्ष त्यांच्या हातांकडे होतं. थरथरत होते. स्टिअरिंगवर ठेवले तरी थरथरत होते.

"सगळे आत. आता पलीकडे पोचेपर्यंत कुणी उतरायचं नाही, कुणी बोलायचं नाही," म्हणाले. आणि मग माझ्याकडे न बघता, "तू तर अजिबात नाही."

आधी जराशी मागे घेतली, वीतभर. मग पुढे. आवाज नाही, गुरगुर नाही. मी तर समजले इंजिन बंदच पडलं. आणि गाडी, जड म्हातारी पायरी चढते ना, तशी हळूहळू वर आली. पडद्यावर चढली, पडद्यावरून उतरली आणि चालू लागली. ओढ्यात शिरलो. पाणी दारांवर आपटलं, पायांशी आत आलं. गाडी एका बाजूला ढकलली गेल्यासारखी झाली. ह्यांनी वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. मी ठकीचा हात इतका घट्ट धरला होता की अजून तिच्या मनगटावर वळ आहेत.

पलीकडे पोचलो तरी थांबले नाहीत. थेट सुरूच्या झाडांपर्यंत नेली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. चावी काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

मागे बघितलं तर आम्ही होतो तिथं फेस होता आणि त्या फेसात काहीतरी लाल लाल हेलकावत होतं. डॉक्टरीणबाईंचा दिवाणखाना समुद्राला निघाला होता.

ह्यांचे हात आता जोरात थरथरायला लागले, खांद्यांपर्यंत. मी धरायला गेले.

"राहू दे," म्हणाले. "थरथरू दे. थांबेल आपोआप."

मी हात मांडीवर ठेवून बसले. नवऱ्याचे हात कापतायत आणि आपण नुसतं बघत बसायचं, हे मला जन्मात जमलं नव्हतं. काल जमलं. आणि थांबलं हो, खरंच. आपोआप थांबलं. मग हे दार उघडून खाली उतरले, वाळूत बसले आणि रडले. ठकी त्यांच्याशेजारी जाऊन बसली. तिनं पाठीवर हात फिरवला नाही की पाणी विचारलं नाही. नुसती खेटून बसली. थोड्या वेळानं मला ऐकू आलं की दोघं हसतायत.

"बाबा, आईचं तोंड बघितलंत का? 'मखमल आहे' म्हणे!"

राखणदार आला, गाडीभोवती एक फेरी मारली, मऊ टायरांवर पाय दाबून बघितला. मग ह्यांना विचारलं, "धंदा काय तुमचा?"

"बस चालवतो," हे म्हणाले.

चालवायचो नाही. चालवतो.

संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः स्टोव्हवर बटाटे उकडले. हे किती जेवले ते मी मोजलं नाही. उठून वाढायलासुद्धा गेले नाही, सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला होता.

सोमवार, १४ एप्रिल

घरी आलो. सगळ्या घरभर वाळू आहे; पांघरुणात, चपलांत, सासूबाईंच्या चष्म्याच्या डबीत.

काल दुपारी मी आणि हे किनाऱ्यावर चालायला गेलो. मी सारखी बोलत होते: ऊन लागतंय का, परत फिरायचं का. मग हे म्हणाले, "साहेबांचा फोन आला होता मला. तू डेपोत जाऊन आलीस त्याच दिवशी."

वाळू एकदम मऊ झाल्यासारखी वाटली पायांखाली. इतके दिवस माहीत होतं आणि एक अक्षर नाही!

"रागावलात?"

"राग आला होता. मग वाटलं, सायकलवाला म्हणतो माझी चूक नाही. डेपो म्हणतो माझी चूक नाही. पण घरात माझ्यासाठी खुर्ची मागून ठेवलीय. म्हणजे मी पुन्हा चालवीन, असं हिलाच वाटत नाही."

"मी तुम्हाला जपत होते हो."

"माहितीये. पण तू इतकं जपलंस की मलाच वाटायला लागलं, मी फुटणार."

मला रडू फुटलं. म्हटलं, त्या सकाळी तुम्ही घरी आलात, बूट काढायला वाकलात आणि तासभर तसेच वाकून बसला होतात. ते बघितल्यावर मी काय करणार होते? मला पुन्हा तसं बघायचं नव्हतं. म्हणजे खरं सांगायचं तर भीती मलाच जास्त होती. हे असं आहे हे मला बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं.

ह्यांनी माझी पिशवी घेतली हातातून. मी एरवी देत नाही. काल दिली.

तंबू आवरताना ठकी म्हणाली, "आई, एक सांगू? सीट मी नव्हती सरकवली हं." मग म्हणाली, खुंट्याही राखणदारानं नव्हत्या ठोकल्या. कार्टीला सगळं माहीत होतं. सासूबाईंनाही. म्हणजे त्या तंबूत काय चाललंय हे एकट्या मलाच कळत नव्हतं, आणि वही मी लिहीत होते!

येताना अर्धा रस्ता गाडी ह्यांनी चालवली. घाट चढून वर आल्यावर बाजूला घेतली, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "आज एवढं पुरे. आता तू घे." मी एकदम बोलणार होते, की बघा, सांगत होते ना. जीभ चावली. हे माझ्याशेजारी पुढच्या सीटवर बसले, डोळे उघडे ठेवून. मी गिअर बदलला की तोंड वाकडं करत होते, पण पाय जमिनीवर दाबत नव्हते.

मालकीणबाईंना फोन करून सगळं खरं सांगितलं. आधी सगळं दोनदा वदवून घेतलं. मग विचारलं, "सगळी माणसं धड आहेत ना?" आहेत म्हटलं. "मग मखमलीचं बघू. पण या वेळी शिलाई तू फुकट करायचीस." आनंदानं करीन. डॉक्टरीणबाईंनी म्हणे एवढंच विचारलं की निदान समुद्राला रंग आवडला का.

गुरुवार, १७ एप्रिल

आज हे डेपोत गेले. मी गेले नाही. फोनही केला नाही. दिवसभर मशीनवर बसून नवे पडदे शिवले आणि एक सबंध पट्टी उलटी जोडली. उसवली, परत जोडली.

साहेबांनी त्यांना आज छोटी फेरी दिली होती, शेजारी एक जुना ड्रायव्हर उभा करून. मी घरी पोचले तेव्हा हे आधीच आले होते. मोज्यांसकट पलंगावर पाय पसरून बसलेले. सासूबाई आणि ठकी समोर, जणू तमाशाला बसल्यात.

मी दारातच उभी राहिले. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. हे आपणहून सांगायला लागले. म्हणाले, पहिल्या वळणावर घाम फुटला. त्या गल्लीसमोर आल्यावर पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच राहिला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. जुना ड्रायव्हर नुसता खिडकीबाहेर बघत उभा राहिला. मग निघालो. पुढच्या सगळ्या थांब्यांवर उशीर झाला.

"बाजाराच्या थांब्यावर एक आजी होत्या," हे म्हणाले. "हातात दोन पिशव्या. माझ्यावर अशा तुटून पडल्या! म्हणे, उन्हात किती वेळ उभं राहायचं माणसानं? काही लाज? तुमच्यासारख्या ड्रायव्हरांना घरी बसवलं पाहिजे!"

पण हे हसत होते. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"मग? तुम्ही काय म्हणालात?" ठकीनं विचारलं.

"म्हटलं, आजी, तीन महिने बसूनच आलोय. चढा आता, दार लावतो."